केबल दूरचित्रवाणी व दूरध्वनी कंपन्या : कोल्हापूर शहरातील नियमन

एका नियंत्रण केंद्रातून निघालेल्या तारांच्या जाळ्याद्वारे अनेक घरांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पुरविण्याच्या पद्धतीस केबल दूरचित्रवाणी असे म्हणतात. संभाषण वाहून नेणारी दूरध्वनीची तार व चित्र वाहून नेणारी केबलची तार या प्रारंभी तांत्रिक दृष्ट्या भिन्न होत्या. प्रकाशीय तंतू आणि अंकीय संकेत यांच्या प्रसारानंतर हा भेद उरला नाही. एकच तंतू संभाषण, आंतरजाल व दूरचित्रवाणी ही तिन्ही वाहून नेऊ लागला आणि दूरध्वनी कंपन्यांना केबलच्या व्यवसायाचे दार उघडले. तंत्र एक झाले, तरी त्यास लागू होणारे कायदे मात्र दीर्घकाळ वेगवेगळेच राहिले. त्यामुळे शहरातील रस्ते, खांब आणि स्थानिक केबलचालक यांच्यावर कोणाची सत्ता चालावी, असा प्रश्न उद्भवला. स्वतःची महानगरपालिका, जागृत सार्वजनिक जीवन आणि स्थानिक वाहिन्यांची परंपरा असलेल्या कोल्हापूरसारख्या मध्यम शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते.

घटनात्मक चौकट : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत डाक व तार, दूरध्वनी, बिनतारी संदेशवहन, प्रक्षेपण आणि संदेशवहनाचे तत्सम प्रकार हे विषय समाविष्ट आहेत. त्यामुळे दूरध्वनी अथवा केबल यांपैकी कोणत्याही व्यवसायास परवानगी देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार राज्यशासनास किंवा नगरपालिकेस मूलतः नाही. स्थानिक स्वराज्य संस्था, रस्ते आणि करमणुकीवरील कर हे विषय मात्र राज्यसूचीत येतात. १९९२ साली संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा विषयांची बारावी अनुसूची जोडली. तीत रस्ते व पूल यांचा समावेश आहे, संदेशवहनाचा नाही. परिणामी कोणी व्यवसाय करावा हे दिल्लीत ठरते. तार कोठून न्यावी, रस्ता किती खणावा व तो पूर्ववत कोणी करावा, एवढ्यापुरता स्थानिक संस्थेचा संबंध येतो. कोल्हापुरातील केबलच्या नियमनाचा इतिहास हा मुख्यतः या मर्यादित अधिकाराचा इतिहास आहे.

तारायंत्राचा कायदा व नगरपालिका : या अधिकाराचे मूळ १८८५ च्या भारतीय तारायंत्र अधिनियमात आहे. या अधिनियमाच्या चौथ्या कलमाने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला आणि परवाना देऊन तो इतरांस देण्याची तरतूद केली. दहाव्या कलमाने तारा व खांब कोणत्याही स्थावर मालमत्तेवरून वा तिच्याखालून नेण्याचा अधिकार दिला. मात्र स्थानिक संस्थेच्या ताब्यातील मालमत्तेबाबत त्या संस्थेची परवानगी आवश्यक मानली. अशी परवानगी देताना खर्चाची भरपाई, कामाची वेळ व पद्धती यांविषयी अटी घालण्याची मुभा बाराव्या कलमान्वये स्थानिक संस्थेस मिळाली. संस्थेने तारेला पूर्ण नकार द्यावा, असा या तरतुदींचा आशय नव्हता. नुकसान कमीत कमी व्हावे व झालेले भरून मिळावे, एवढाच होता. जोवर तारा टाकणारे शासकीय खाते एकच होते, तोवर या तरतुदींतून मोठे वाद उद्भवण्याचे कारण नव्हते.

कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १८५४ मध्ये झाली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि नगरपालिकेचे रूपांतर १५ डिसेंबर १९७२ रोजी महानगरपालिकेत झाले. तेव्हापासून शहरातील सार्वजनिक रस्त्यांची व्यवस्था १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमान्वये चालते. रस्ता खणण्यास महानगरपालिकेची अनुमती घ्यावी लागते व रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च भरावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. साडेपाच लाख होती.

केबलचा उगम : भारतात केबल दूरचित्रवाणीचा प्रारंभ १९८४ च्या सुमारास मुंबईसारख्या महानगरांतील उंच इमारतींतून झाला. एका व्हिडिओ कॅसेट यंत्रावर चित्रपट लावून तो तारेने इमारतीतील सर्व बिऱ्हाडांस दाखविणे, एवढेच त्याचे आरंभीचे स्वरूप होते. १९९१ मधील आखाती युद्धाची उपग्रहाद्वारे आलेली दृश्ये, त्याच वर्षी सुरू झालेली स्टार टीव्हीची सेवा आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झालेली झी टीव्ही ही हिंदी वाहिनी यांमुळे हा व्यवसाय लहानमोठ्या शहरांत झपाट्याने पसरला. गच्चीवर डिश अँटेना, खाली एका खोलीत संकेतवर्धक यंत्रे आणि तेथून विजेच्या खांबांवरून, झाडांवरून व घरांच्या गच्च्यांवरून गेलेली काळी तार, हे दृश्य राज्यातील बहुतेक शहरांत परिचित झाले.

कोल्हापूर हे १९१८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे आणि १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे जन्मस्थान होय. चित्रपटाची आवड रुजलेल्या या शहरात केबलला प्रेक्षक मिळण्यास अडचण नव्हती. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी अशा पेठा व वसाहती आणि त्यांतील तालमी व तरुण मंडळे ही शहराच्या सामाजिक जीवनाची एकके होत. केबलचा व्यवसायही अशाच छोट्या क्षेत्रांत विभागणारा आहे. ‘केबलवाला’ हा बहुधा त्याच भागातील रहिवासी असे. वर्गणी तो घरोघर जाऊन गोळा करी आणि बिघाड झाल्यास स्वतःच शिडी घेऊन येई. या व्यवसायास प्रारंभी कोणताही स्वतंत्र कायदा लागू नव्हता. त्याचे नियमन शेजाऱ्यांच्या ओळखीने व परस्पर तडजोडीने होत असे. त्यात ग्राहकास चालक बदलण्याची सोय क्वचितच असे, हा दोषही होता.

१९९५ चा अधिनियम : केबल ही तारायंत्राच्या व्याख्येत येते किंवा कसे, हा प्रश्न लवकरच न्यायालयापुढे आला. ‘शिव केबल टीव्ही सिस्टिम विरुद्ध राजस्थान राज्य’ या खटल्यात राजस्थान उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये केबलच्या जाळ्यास परवान्याची आवश्यकता असल्याचा निर्णय दिला. परवाना देण्याची व्यवस्था अस्तित्वात नसल्याने देशातील बहुतेक केबलचालकांचा व्यवसाय त्यामुळे बेकायदेशीर ठरण्याची शक्यता निर्माण झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्र सरकारने यासंबंधी अध्यादेश काढला. त्याची जागा केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, १९९५ याने घेतली.

या अधिनियमाने परवान्याऐवजी नोंदणीची सुलभ पद्धती स्वीकारली. चालकाने आपल्या क्षेत्रातील प्रधान डाकघरात अर्ज करावयाचा व तेथील डाकपालाने नोंदणी करावयाची, असे ठरले. व्यवसायासाठी विशेष भांडवलाची अट नव्हती. कोणाही भारतीय नागरिकास नोंदणी मिळू शकत होती. चालकाने कार्यक्रमविषयक व जाहिरातविषयक संहिता पाळावी, दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवाव्यात आणि आपले जाळे अधिकृत दूरसंचार यंत्रणेच्या कार्यात व्यत्यय आणणार नाही अशी दक्षता घ्यावी, अशी बंधने घालण्यात आली. यांतील शेवटचे बंधन दहाव्या कलमात असून ते उद्‌बोधक आहे. दूरध्वनीची यंत्रणा ही संरक्षणीय व केबल ही तिला उपद्रव देण्याचा संभव असलेली दुय्यम यंत्रणा, अशी कायद्याची त्या वेळची दृष्टी होती. या दोन यंत्रणा एकाच व्यवसायात स्पर्धक होतील, हे त्यात गृहीत धरलेले नव्हते.

अधिनियमाची अंमलबजावणी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी व पोलीस आयुक्त या अधिकाऱ्यांकडे देण्यात आली. साधने जप्त करण्याचा व संहितेचा भंग करणारे प्रक्षेपण थांबविण्याचा अधिकार त्यांना मिळाला. केंद्र सरकारच्या २००८ मधील आदेशान्वये वाहिन्यांवरील मजकुरावर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हास्तरीय सनियंत्रण समित्यांची योजना करण्यात आली. जिल्हाधिकारी हे या समितीचे अध्यक्ष असतात व तीत पोलीस अधीक्षकांसह स्त्रिया, बालके आणि शिक्षण या क्षेत्रांतील प्रतिनिधी असावेत, अशी अपेक्षा आहे. अशा प्रकारे डाकघर, जिल्हाधिकारी कार्यालय आणि महानगरपालिका या तिघांकडे केबलच्या नियमनाचे एकेक अंग आले. त्यांपैकी लोकनियुक्त अशी एकटी महानगरपालिकाच होती आणि अधिनियमाच्या मूळ मसुद्यात तिला कोणतेही स्थान नव्हते.

करमणूक शुल्क : केबलवरील कर हा स्थानिक प्रशासनाशी असलेला दुसरा संबंध होय. १९२३ चा मुंबई करमणूक शुल्क अधिनियम मूलतः नाटके, तमाशे, चित्रपट यांसारख्या तिकिटाच्या खेळांसाठी होता. पुढे त्याची व्याप्ती वाढवून केबलच्या प्रत्येक जोडणीवर दरमहा शुल्क लावण्यात आले व त्याचा दर महानगरपालिका, नगरपालिका व अन्य क्षेत्रे यांनुसार कमीअधिक ठेवण्यात आला. वसुलीचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शुल्क शाखेकडे होते. जोडण्यांची खरी संख्या किती, हा या वसुलीतील कायमचा वादविषय राहिला. एका तारेस दुसरी तार जोडून जोडणी वाढविता येत असल्यामुळे प्रत्यक्ष मोजणी अवघड होती. वाहिन्यांच्या मालकांस द्यावयाची रक्कमही याच संख्येवर अवलंबून असल्याने कमी संख्या दाखविण्यात चालकाचा दुहेरी लाभ असे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा राज्याचे करमणूक शुल्क त्यात विलीन झाले. मात्र १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील संबंधित नोंद अशा रीतीने बदलली, की पंचायती व नगरपालिका यांनी बसविलेला व वसूल केलेला करमणूक कर शिल्लक राहिला. म्हणजे राज्याचा अधिकार गेला आणि स्थानिक संस्थांचा, राज्य विधिमंडळाने तो दिल्यास, शक्य कोटीत राहिला. केरळ राज्य व एशियानेट यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार प्रक्षेपण हे केंद्राच्या सेवाकरास पात्र असले, तरी त्यातील करमणुकीच्या अंगावर राज्यसूचीनुसार कर बसविणे अवैध ठरत नाही.

स्थानिक वाहिन्या : केबलचालकांच्या जाळ्यावर उपग्रहावरून आलेल्या वाहिन्यांखेरीज त्यांच्या स्वतःच्या वाहिन्याही दिसत. कोल्हापुरात स्थानिक बातम्या देणाऱ्या केबल वाहिन्यांनी चांगला प्रेक्षकवर्ग मिळविला. महानगरपालिकेची सभा, अंबाबाईच्या मंदिरातील नवरात्रोत्सव, गणेश विसर्जनाची मिरवणूक, पंचगंगेचा पूर, पेठापेठांच्या संघांचे फुटबॉल सामने यांसारख्या विषयांस मुंबई वा दिल्लीहून चालणाऱ्या वाहिन्यांत क्वचितच जागा मिळते. स्थानिक वाहिन्यांचा मात्र हाच मुख्य विषय होय. या वाहिन्यांचे अस्तित्व केबलच्या जाळ्यावर अवलंबून असल्याने जाळे कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न केवळ व्यापारी राहत नाही. स्थानिक वृत्तपत्राचे छपाईयंत्र दुसऱ्याच्या मालकीचे असण्यासारखीच ही स्थिती आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्रीय माहिती व प्रक्षेपण मंत्रालयाने अशा वाहिन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार या वाहिन्यांची संख्या जाळ्याच्या एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित झाली आणि स्थानिक बातम्या देणाऱ्या संस्थेने कंपनी म्हणून नोंदणी करणे अनिवार्य ठरले. यामुळे पूर्वीच्या अनियंत्रित स्थितीत शिस्त आली, तथापि छोट्या व्यावसायिकास बातमीच्या क्षेत्रात राहणे अधिक खर्चाचे झाले.

दूरध्वनी कंपन्यांचा प्रवेश : १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर दूरध्वनीचे क्षेत्र खाजगी कंपन्यांस खुले झाले. त्यांचे परवाने राज्यवार परिमंडळांसाठी देण्यात आले. कोल्हापूर हे मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांच्या परिमंडळात मोडते, सु. ४० किमी. वरील निपाणी मात्र कर्नाटक परिमंडळात येते. दूरध्वनी कंपनीच्या दृष्टीने शहर हे परिमंडळाचा एक लहान भाग असते, तर केबलचालकाच्या दृष्टीने पेठ हेच संपूर्ण क्षेत्र असते. दोहोंतील आर्थिक बळाचा फरक यावरून लक्षात येतो. शासनाच्या दूरध्वनी सेवेचे रूपांतर १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम या कंपनीत झाले.

९ जानेवारी २००४ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने प्रक्षेपण व केबल सेवा या ‘दूरसंचार सेवा’ असल्याचे घोषित करून त्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कक्षेत आणल्या. नियामक एक झाला, परंतु परवान्याचे कायदे वेगळेच राहिले. दूरध्वनीच्या तारेतून चित्रवाणी पुरविण्याची सेवा महानगर टेलिफोन निगमने २००६ मध्ये मुंबई व दिल्ली येथे सुरू केली. ८ सप्टेंबर २००८ रोजी या सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांनुसार दूरध्वनीचा परवाना असलेल्या कंपन्या, १०० कोटी रुपयांहून अधिक निव्वळ मत्ता असलेले आंतरजाल सेवा पुरवठादार आणि नोंदणीकृत केबलचालक या तिन्ही वर्गांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. कागदोपत्री ही समान संधी होती. प्रत्यक्षात मात्र प्रकाशीय तंतूंचे जाळे उभारण्याइतके भांडवल पेठेतील चालकाकडे असण्याचा संभव नव्हता.

२००८ मध्येच एअरटेल व रिलायन्स या दूरध्वनी व्यवसायातील समूहांनी थेट घरी उपग्रह सेवा सुरू केली. या सेवेस रस्ता खणावा लागत नाही आणि खांबही लागत नाही. त्यामुळे रस्त्यावरील अधिकारातून मिळणारे स्थानिक नियंत्रण तिच्याबाबत आपोआपच निष्प्रभ ठरले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्स समूहाने हॅथवे व डेन या देशातील दोन मोठ्या केबल कंपन्यांतील बहुमताचा हिस्सा विकत घेण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०१९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्यास मान्यता दिली. ५ सप्टेंबर २०१९ पासून याच समूहाच्या जिओ कंपनीने घरोघर प्रकाशीय तंतूची सेवा सुरू केली. दूरध्वनी कंपनीने केबलशी स्पर्धा करण्याऐवजी केबल कंपनीच ताब्यात घ्यावी, हा नवा टप्पा होता. या व्यवहाराचा विचार राष्ट्रीय बाजारपेठेतील स्पर्धेच्या अंगाने झाला. ज्या शहरांतून ही जाळी जातात त्यांच्या संस्थांना त्यात मत नव्हते.

मार्गाधिकारातील विषमता : सार्वजनिक मालमत्तेवरून वा तिच्याखालून तारा नेण्याच्या हक्कास मार्गाधिकार म्हणतात. केबलचालकांस हा हक्क २०११ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हता. तत्पूर्वी खांबांवरील व गच्च्यांवरील तारा मुख्यतः सहनशीलतेच्या आधारावर टिकून होत्या आणि सूचना न देताही त्या काढून टाकल्या जाण्याची धास्ती असे. दुरुस्तीने घातलेल्या ४-ब या कलमान्वये सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालमत्तेवरून केबल नेण्याची तरतूद झाली. तथापि प्राधिकरणाची लेखी परवानगी व त्याने घातलेल्या अटी बंधनकारक राहिल्या. अर्जांचा त्वरित निकाल लागावा यासाठी राज्यांनी व्यवस्था उभारावी व केंद्राने त्याकरिता मार्गदर्शन करावे, एवढेच कलमात सुचविले आहे.

दूरध्वनी कंपन्यांसाठी १५ नोव्हेंबर २०१६ रोजी निघालेले मार्गाधिकार नियम याहून कितीतरी नेमके होते. स्थानिक संस्थेने ६० दिवसांत निर्णय द्यावा, न दिल्यास परवानगी मिळाली असे समजावे, नकार देण्यापूर्वी अर्जदाराचे म्हणणे ऐकावे आणि जमिनीखालील तारेसाठी प्रशासकीय शुल्क दर किमी. स १,००० रुपयांहून अधिक आकारू नये, असे त्यांत स्पष्टपणे नमूद होते. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च मात्र संस्थेस घेता येई. हे नियम तारायंत्र अधिनियमाखालील परवानाधारकांसाठी असल्याने केवळ केबल अधिनियमाखाली नोंदलेल्या चालकास त्यांचा लाभ मिळाला नाही. अशा रीतीने एकाच रस्त्याखालून, एकाच प्रकारचा तंतू, एकाच घरी दूरचित्रवाणी पोहोचविण्यासाठी नेताना कंपनीस मुदतबद्ध हक्क आणि चालकास विनंती करण्याची मुभा, असा भेद निर्माण झाला.

महानगरपालिकेच्या बाजूनेही या नियमांचे परिणाम गंभीर होते. चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनी सेवेसाठी २०१० नंतरच्या दशकात शहराशहरांतून तंतूंचे चर खणले गेले. नव्याने केलेला रस्ता पुन्हा खणला जाणे, जलवाहिनी फुटणे व बुजविलेला चर पावसाळ्यात खचणे या तक्रारी महाराष्ट्रातील सर्वच शहरांत परिचयाच्या आहेत. कोल्हापुरात रस्ता हा सार्वजनिक भावनेचा विषय आहे; खाजगीकरणातून बांधलेल्या शहरांतर्गत रस्त्यांवरील पथकराविरुद्ध येथे दीर्घ आंदोलन झाले आणि २०१५ मध्ये राज्यशासनाने तो पथकर रद्द केला. ज्या नागरिकांनी रस्त्याच्या खर्चाचा हिशेब मागितला, त्यांच्या महानगरपालिकेस त्याच रस्त्याखालील जागेचे मोल ठरविण्याचा अधिकार मात्र उरला नव्हता.

कराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ रोजी अहमदाबाद महानगरपालिका व जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर यांच्यातील खटल्यात भ्रमणध्वनी मनोऱ्यांवर मालमत्ता कर बसविण्याचा राज्ये व स्थानिक संस्था यांचा अधिकार मान्य केला होता. दूरसंचार अधिनियम, २०२३ याने मात्र कोणत्याही मालमत्तेवर उभारलेले दूरसंचार जाळे हे मालमत्ता कर, उपकर वा शुल्क यांच्या प्रयोजनार्थ त्या मालमत्तेचा भाग समजू नये, असे ठरविले. हा अधिनियम १८८५ व १९३३ च्या जुन्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी केलेला असून जून २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला. त्याखालील मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मार्गाधिकारविषयक वादांचा निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला आहे.

अंकीकरण व चालकाचे बदललेले स्थान : २०११ च्या दुरुस्तीचा मुख्य उद्देश केबल सेवेचे अंकीकरण हा होता. मुंबई आदी महानगरांनंतर दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे घेण्यात आली. कोल्हापूर शहर हे उर्वरित नागरी क्षेत्रांच्या तिसऱ्या टप्प्यात आले व त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ही होती. जिल्ह्यातील ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात मोडत असून ती मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत नेण्यात आली. सेट-टॉप बॉक्समुळे जोडण्यांची संख्या लपविणे अशक्य झाले, ग्राहकास वाहिन्या निवडता येऊ लागल्या आणि चित्राची प्रत सुधारली. त्याच वेळी संकेतांचे नियंत्रण पेठेतील खोलीतून निघून मोठ्या बहुप्रणाली चालकाच्या केंद्रात गेले. मूळ केबलचालक हा शेवटच्या टप्प्याची तार सांभाळणारा व वर्गणी गोळा करणारा मध्यस्थ बनला. नियामक प्राधिकरणाच्या मार्च २०१७ मधील नव्या दरपद्धतीची अंमलबजावणी २०१९ च्या आरंभी झाली व तीत मध्यस्थाचा हिस्साही केंद्रीय नियमांच्या चौकटीत आला.

तथापि चालकाच्या हाती एक मोलाची गोष्ट राहिली : घराच्या दारापर्यंत पोहोचलेली तार. हे ओळखून सप्टेंबर २०२३ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली आणि चालकांनी आपली साधने आंतरजाल सेवा पुरवठादारांस वापरावयास द्यावीत, यासाठी तरतूद करण्यात आली. अनेक ठिकाणी पूर्वीचे केबलचालक दूरध्वनी कंपन्यांचे स्थानिक भागीदार म्हणून काम करू लागले. १७ जानेवारी २०२५ पासून केबलचालकांची नोंदणी डाकघराकडून काढून मंत्रालयाच्या संगणकीय व्यवस्थेकडे देण्यात आली. नोंदणी पाच वर्षांसाठी व ५,००० रुपये शुल्काने होते आणि ती देशभर ग्राह्य असते. फेऱ्या व विलंब यांतून यामुळे चालकाची सुटका झाली. परंतु नियमनाच्या यंत्रणेतील पेठेच्या जवळचे एक कार्यालयही त्यामुळे नाहीसे झाले.

अन्य देशांशी तुलना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा विकास उलट दिशेने झाला. तेथे शहराची नगरपालिका केबल कंपनीस व्यवसायाची सनद देते. संघीय संदेशवहन आयोगाने १९७० मध्ये दूरध्वनी कंपन्यांस त्यांच्याच सेवाक्षेत्रात केबल व्यवसाय करण्यास मनाई केली व १९८४ च्या कायद्याने ती कायम केली. खांब व नळ यांची मालकी असलेली कंपनी दुबळ्या स्पर्धकास दाबून टाकील, अशी भीती त्यामागे होती. याच कायद्याने नगरपालिकांस ढोबळ उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत सनदशुल्क घेण्याची मुभा दिली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने ही मनाई उठविली. २००५ मध्ये टेक्सस राज्याने शहरांऐवजी राज्यामार्फत सनद देण्याचा कायदा केला व इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. रस्ते वापरण्याचा हक्क आधीच असलेल्या कंपनीच्या अर्जावर शहराने ९० दिवसांत निर्णय द्यावा, असा आदेश संघीय आयोगाने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला. मुदतबद्ध परवानगी व शुल्काची कमाल मर्यादा ही तत्त्वे दोन्ही देशांत सारखीच दिसतात. फरक इतकाच, की अमेरिकेतील शहरांनी प्रत्यक्ष वापरलेला सनदेचा अधिकार मर्यादित झाला, तर कोल्हापूरसारख्या शहरास तो कधी मिळालाच नव्हता. सनदेच्या अटी म्हणून अमेरिकेतील शहरे स्थानिक सार्वजनिक वाहिनीसाठी जागा मागू शकत. कोल्हापुरात स्थानिक वाहिनी टिकली ती कोणत्याही अटीमुळे नव्हे, तर प्रेक्षक व चालक यांच्या गरजेमुळे.

वादनिर्णयाची व्यवस्था : केबलचालक व वाहिन्यांचे मालक अथवा बहुप्रणाली चालक यांच्यातील वाद दिल्ली येथील दूरसंचार वाद निर्णय व अपील न्यायाधिकरणापुढे चालतात. महानगरपालिकेच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागे. लहान चालकास दोन्ही ठिकाणे दूरची व खर्चाची होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात कार्य करू लागल्यामुळे यांतील एक अंतर कमी झाले.

मूल्यमापन : दूरध्वनी कंपन्यांच्या प्रवेशामुळे ग्राहकास अधिक वेगवान व विश्वसनीय सेवा आणि निवडीची संधी मिळाली, हे मान्य करावे लागते. जुन्या व्यवस्थेत पेठेतील एकाच चालकाची मक्तेदारी असे आणि कर चुकविण्यास वाव राही. रस्त्यासाठी प्रत्येक नगरपालिकेने मनास येईल ते शुल्क लावल्यास देशव्यापी जाळे उभेच राहणार नाही, या केंद्राच्या युक्तिवादातही तथ्य आहे. परंतु स्थानिक नियमन हे केवळ अडथळा नव्हे. खणलेला रस्ता दुरुस्त होतो किंवा नाही हे शहरालाच पाहावे लागते. खांबांवरील लोंबकळणाऱ्या तारांचा धोकाही त्यालाच पत्करावा लागतो, आणि आपल्या सभेची व आपल्या पुराची बातमी दाखविणारी वाहिनी जाळ्यावर राहावी, ही गरजही शहराचीच असते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी कायद्यात अपुरी का होईना, तरतूद आहे. तिसरीसाठी ती नाही. दूरध्वनी व केबल यांच्यासाठी मार्गाधिकाराचे समान नियम करणे, रस्त्याखाली सामाईक नळ टाकून वारंवार खणणे टाळणे आणि मोठ्या जाळ्यांवर जिल्ह्याच्या वाहिनीस निश्चित स्थान देणे, हे उपाय परस्परविरोधी नाहीत. त्यांपैकी सामाईक नळांची कल्पना २०२३ च्या अधिनियमाने स्वीकारली आहे. उर्वरित दोहोंच्या बाबतीत कोल्हापूरसारख्या शहराचे हित अद्याप कायद्याच्या शब्दांत उतरलेले नाही.